लाळेची साक्ष

कला शाखेच्या विद्यार्थिनीने लाळेवर लेख लिहावा हे वार्षिकाच्या संपादक मंडळाला थोडे चमत्कारिकच वाटले. "प्रवासवर्णन लिही, एखादी कथा लिही, हा कसला किळसवाणा विषय?" असे एका मैत्रिणीने तोंडावर विचारलेही. पण आपल्या भाषेला हा विषय कधीच परका नव्हता. चिंच पाहिली की आपल्या तोंडाला पाणी सुटते, तोंडी परीक्षेला घशाला कोरड पडते. कुणी सत्तेसाठी लाळ घोटतो, कुणी साहेबांची थुंकी झेलतो. माणसाची हाव, भीती आणि लाचारी या सगळ्या गोष्टी मराठी माणसाने लाळेच्या भाषेत सांगितल्या आहेत.

मानसशास्त्र घेणाऱ्या आम्हा मुलामुलींची तर लाळेशी पहिल्याच वर्षी ओळख होते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह आणि त्याचे कुत्रे कोणाला ठाऊक नाहीत? पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या माणसाने कुत्र्याच्या लाळेचे थेंब मोजता मोजता मनाच्या सवयींचा नियम शोधून काढला. परीक्षेत ते उत्तर मी दोनदा लिहिले आणि चांगले गुणही मिळवले. पण लाळेचे थेंब माझ्याच घरातली एक गोष्ट सांगू शकतील, असे तेव्हा स्वप्नातही आले नव्हते.

मिसळ सुटली

माझा धाकटा भाऊ बारावीत आहे. आमचे गाव कागल तालुक्यात. तो रोज एस.टी.ने कोल्हापूरला कॉलेजला येतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक बारीकशी गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्या मुलाला मिसळीचा कट वाटीभर जास्त लागायचा, तांबड्या रश्श्याच्या वाट्यांमागून वाट्या जो संपवायचा, तो मुलगा रस्सा बाजूला सारून नुसता पांढरा भात खाऊ लागला. आईने विचारले तर म्हणाला, "काय न्हाई, तोंड आलंय." आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले, तोंड काही बरे होईना. आईने त्याला ताक दिले, थंड म्हणून गुलकंद दिला. आज्जी म्हणाली, "अभ्यासाची जागरणं, दुसरं काय!"

कोल्हापूरच्या मुलाला तिखट सोसेनासे व्हावे, ही साधी गोष्ट नव्हे. पण आम्हा कोणालाच ते तेव्हा कळले नाही. ते का कळले नाही आणि कळल्यावर काय झाले, हे सांगण्यापूर्वी लाळ म्हणजे नेमके काय, ते थोडे पाहू.

तोंडातली राखणदारीण

आपल्या तोंडात लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आहेत. एक कानांच्या पुढे (गालगुंड होते तेव्हा सुजते ती हीच), दुसरी खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला आणि तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो लहान ग्रंथी विखुरलेल्या आहेत. या सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. त्यातले नव्याण्णव टक्के तर पाणीच! पण उरलेल्या एका टक्क्यात सगळी करामत आहे.

भाकरीचा तुकडा बराच वेळ चावत राहिलो तर तो गोड लागू लागतो. लाळेतले विकर पिठाची साखर करते म्हणून. ही पचनाची सुरुवात झाली. पण लाळेचे खरे मोठे काम राखणीचे आहे. तिच्यात जंतूंचा नाश करणारी द्रव्ये आहेत. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने त्याच्याही आधी, १९२२ साली, लायसोझाइम नावाचे द्रव्य शोधले होते. अश्रूंप्रमाणेच ते लाळेतही असते. शिवाय लाळेत रोगप्रतिकारक प्रथिने असतात, आम्ल मारणारे बायकार्बोनेट असते आणि दातांची झीज भरून काढणारे कॅल्शियम व फॉस्फेटही असते.

दात किडतात ते "कीड लागून" नव्हे. त्यात अळी वगैरे काही नसते. दातांवर जंतूंचा चिकट थर साचतो. हे जंतू आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि तिचे आम्ल करतात. हे आम्ल दात विरघळवते. मिलर या शास्त्रज्ञाने १८९० साली हे मांडले. पुढे १९४० च्या दशकात स्टीफन याने प्रत्यक्ष मापन करून दाखवले की तोंड गोड केल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या थराचा सामू एकदम खाली येतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दातातले क्षार विरघळू लागतात. तो पुन्हा वर आला की लाळ तेच क्षार दाताला परत देऊ लागते. म्हणजे दिवसभर आपल्या तोंडात दाताची देवघेव चालू असते आणि लाळ ही त्या पेढीवरची कारकून असते.

आता ध्यानात येईल की प्रश्न किती गोड खाल्ले एवढाच नाही, तर कितीदा खाल्ले हा आहे. स्वीडनमध्ये १९४५ पासून काही वर्षे व्हिपेहोल्म येथे यावर मोठा प्रयोग झाला. तो मतिमंदांसाठीच्या संस्थेतील रहिवाशांवर केला गेला म्हणून त्यावर पुढे टीका झाली आणि ती रास्तच होती. पण त्याचा निष्कर्ष आजही मानला जातो. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा जेवणाच्या मध्ये मध्ये, पुन्हा पुन्हा चघळलेली चिकट साखर दातांचा अधिक घात करते. गुऱ्हाळावर बसून गरम गुळाचा खडा खाणे हा आम्हा कोल्हापूरकरांचा जन्मसिद्ध हक्क. तो सोडा असे मी म्हणणार नाही. पण खडा खाऊन चूळ भरणे वेगळे आणि थंड पेयाची बाटली तासभर घोट घोट पुरवून पिणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात लाळेला हिशेब पुरा करायला उसंतच मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. झोपेत लाळ जवळजवळ आटते. राखणदारीण रात्री रजेवर जाते म्हणा ना! म्हणून सकाळपेक्षा रात्रीचे दात घासणे अधिक मोलाचे. वसतिगृहातल्या किती जणी ते करतात, हे मी येथे लिहीत नाही.

बारा ते एकोणीस

हा लेख वार्षिकाच्या वाचकांसाठी लिहावा असे वाटण्याचे कारण वयाचे आहे. बारा-तेरा वर्षांपर्यंत अक्कलदाढा सोडून सगळे कायमचे दात येऊन जातात. पण नव्याने उगवलेल्या दाताचे आवरण पूर्ण पक्के नसते. ते पुढची काही वर्षे लाळेतले क्षार घेऊन घट्ट होत जाते. विटा भट्टीतून निघतात तशा दात तोंडातून पक्के होऊन निघत नाहीत. त्यांची भट्टी तोंडातच चालू असते. याच वयात शरीरातील संप्रेरके बदलतात. त्यामुळे हिरड्या अधिक हळव्या होतात, थोडा मळ साचला तरी सुजतात, ब्रश लागला की रक्त येते. आणि नेमके याच वयात हातात पैसे खुळखुळू लागतात, घरची नजर सुटते आणि कॉलेजच्या वाटेवर टपरी लागते.

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत" अशी म्हण आहे. आमच्या पिढीजवळ दोन्ही आहेत. तरीही आम्ही दातांचे काय करतो ते पाहा!

थेंबातला अहवाल

डॉक्टर रक्त तपासतात, लघवी तपासतात. मग लाळ का नको? ती घ्यायला सुई लागत नाही, मूल रडत नाही, पुन्हा पुन्हा घेता येते. रसायनशाळेत आम्ल की अल्क हे लिटमस सांगतो, त्यास सूचक म्हणतात. तसे शरीरातील घडामोडी सांगणारे जे पदार्थ असतात त्यांना जैवसूचक म्हणतात. लाळेत असे पुष्कळ जैवसूचक सापडले आहेत.

याची सुरुवात तशी जुनी आहे. १९४० च्या सुमारास अमेरिकेत स्नायडर याने एक साधी परीक्षा काढली. हिरव्या रंगाच्या पोषक द्रव्यात लाळ घालून ठेवायची. तोंडात आम्ल करणारे जंतू भरपूर असतील तर एक ते तीन दिवसांत हिरवा रंग पिवळा होतो. जितक्या लवकर पिवळा, तितका दातांना धोका अधिक. आज यापेक्षा पुष्कळ बारीक तपासण्या होतात. लाळ मिनिटाला किती सुटते हे मोजतात. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी सुटत असेल तर ते कोरड्या तोंडाचे लक्षण मानतात. तिची आम्ल मारण्याची ताकद पाहतात. हिरड्यांच्या आत झीज चालू असेल तर तेथील तंतू तोडणारे एमएमपी-८ नावाचे विकर लाळेत वाढते. दात हलू लागण्याच्या पुष्कळ आधी ते धोक्याची घंटा वाजवू शकते. मानसिक ताणाशी निगडित असलेले कॉर्टिसॉल लाळेत मोजता येते. मानसशास्त्राच्या संशोधनात ही पद्धत आता रुळलेली आहे. कोरोनाच्या साथीत लाळेतून विषाणूची तपासणी झाली, हे तर आपल्या डोळ्यांपुढचे आहे.

तोंडाच्या कर्करोगाचा सुगावाही लाळेतून लागावा असा जगभर प्रयत्न चालू आहे. अशा रुग्णांच्या लाळेत इंटरल्यूकिन-६ आणि ८ ही दाहाची द्रव्ये वाढलेली आढळली आहेत. पण येथे सावध राहिले पाहिजे. हीच द्रव्ये साध्या हिरड्यांच्या सुजेतही वाढतात. साक्षीदार खरा असला तरी तो कोणत्या गुन्ह्याबद्दल बोलतो आहे हे ठरवणे सोपे नसते. त्यामुळे डॉक्टरांच्या डोळ्यांची आणि बोटांची जागा लाळेच्या तपासणीने अजून घेतलेली नाही.

तंडुल-दिव्य आणि एक फिल्म

लाळेला साक्षीला बोलावण्याची कल्पना आपल्याकडे फार पुरातन आहे. धर्मशास्त्रात जी दिव्ये सांगितली आहेत त्यांत तंडुल-दिव्य नावाचे एक आहे. चोरीचा संशय असलेल्या माणसाला तांदूळ चावायला देत आणि ते पानावर थुंकायला लावत. रक्त दिसले, जबडा कापू लागला की तो दोषी! भीतीने तोंड कोरडे पडते हे आपण सारे अनुभवाने जाणतो; कोरड्या तोंडात कोरडे तांदूळ रुतायचेच. अर्थात भीती निर्दोष माणसालाही वाटते. तेव्हा या न्यायाने किती निरपराध माणसे दोषी ठरली असतील ते देव जाणे!

याचीच आधुनिक आवृत्ती मला मानसशास्त्राच्या ग्रंथालयात भेटली. १९७७ साली रिचर्ड इव्हान्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. "तू सिगारेट ओढतोस का?" असे मुलांना विचारले तर खरे उत्तर मिळेलच असे नाही. म्हणून त्यांनी काही मुलांना आधी एक फिल्म दाखवली. लाळेत निकोटीन कसे सापडते ते तिच्यात दाखवले होते. फिल्म पाहिलेल्या मुलांपैकी अधिक जणांनी आपण ओढतो हे कबूल केले. आता तर निकोटीनपासून शरीरात तयार होणारे कोटिनीन लाळेत अचूक मोजता येते. ते निम्मे व्हायलाच सोळा ते वीस तास लागतात. म्हणजे तंबाखू थुंकून टाकली तरी तिची खूण लाळेत दोन-तीन दिवस राहू शकते.

हे वाचून मी गावी गेले. रात्री भाऊ माडीवर अभ्यासाला बसला होता. मी सहज म्हणून त्याला ही इव्हान्सची गोष्ट सांगितली. पाव्हलॉव्हपासून सुरुवात केली, कोटिनीनपर्यंत आले. तो ऐकत राहिला. मग पुस्तक मिटून म्हणाला, "ताई, माझी टेस्ट करणारायस व्हय?"

मी त्याला फसवायला गेले नव्हते, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. माझ्या मनात संशय होताच. पण त्या क्षणी त्याचा चेहरा पाहून मला त्या तांदूळ चावणाऱ्या माणसाची आठवण झाली आणि माझी मलाच लाज वाटली. मी म्हटले, "टेस्ट-बिस्ट काही नाही. तूच सांग."

त्याने सांगितले. अकरावीपासून तो मावा खात होता. आधी मित्राच्या पुडीतला चिमूटभर, मग रोज एक पुडी, परीक्षेच्या दिवसांत दोन-तीन. झोप उडते, अभ्यास होतो, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. वर तो म्हणाला, "त्यात जास्त सुपारीच असती गं, तंबाखू थोडीच." आणि शेवटी, "वडापाव नीट चावता येत न्हाई. तोंड उघडत न्हाई पुरतं."

तीन बोटे

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शहरातल्या एका दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी लाळ तपासली नाही. गालाच्या आतून बोट फिरवले, टाळू पाहिली आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये एक पट्टी धरली. बत्तीस मिलिमीटर. या वयात चाळीसच्या आसपास किंवा त्याहून अधिक हवे.

या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या अस्तराखाली तंतूंचे जाळे वाढत जाते, मऊ गाल चामड्यासारखा ताठर होतो आणि तोंड हळूहळू मिटत जाते. तिखट सोसेनासे होणे हे त्याचे अगदी पहिले लक्षण. १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये श्वार्ट्झ याने याचे वर्णन केले आणि १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातले रुग्ण नोंदवले. म्हणजे हा विकार शास्त्राच्या पुस्तकात आला तोच आपल्या माणसांच्या तोंडून!

याचे मूळ तंबाखूत नसून मुख्यतः सुपारीत आहे, हे ऐकून आम्ही दोघेही चकित झालो. सुपारीतले अरेकोलिन तंतू तयार करणाऱ्या पेशींना चाळवते. तिच्यातील तांबे ते तंतू एकमेकांत घट्ट विणते. आपल्याकडे सुपारी मंगलकार्यात गणपती म्हणून मांडतात, जेवणानंतर पाहुण्यापुढे ठेवतात. तिच्यावर कोण संशय घेणार? परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली निव्वळ सुपारीलाच, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे. केरळात एर्नाकुलम भागात या विकाराच्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले, त्यांतील ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कर्करोग झाला, असे १९८५ साली प्रसिद्ध झाले. मावा ही तर सुपारी, तंबाखू आणि चुना यांची त्रिस्थळी यात्रा!

डॉक्टरांनी भावाला घाबरवले नाही. सवय आजच सुटली तर विकार पुढे जाण्याचे बहुधा थांबेल, पण ताठरलेला गाल पुन्हा पहिल्यासारखा मऊ होणे कठीण, हेही लपवले नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम दिले आणि दर काही महिन्यांनी दाखवायला बजावले.

घरी आल्यावर आज्जीने सगळे ऐकून घेतले. तिची स्वतःची मिश्रीची डबी चुलीशेजारच्या कोनाड्यात असते. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड आमच्याकडच्या कित्येक बायकांच्या हिरड्यांना रोज लागते. निपाणीच्या तंबाखूचा मुलूख इथून हाकेवर. या पिकावर घरे चालली आहेत, १९८१ साली त्याच्या भावासाठी शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले आहे. तेव्हा तंबाखूला एकदम शत्रू म्हणणे आमच्या भागात सोपे नाही. आज्जी काही बोलली नाही. पण आता ती मिश्री नातवाच्या देखत लावत नाही. एवढेच.

आपण काय करावे?

कायदे पुष्कळ आहेत. १९९२ पासून दंतमंजनात व पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी आहे. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली. पण पुडीवर बंदी घातली तरी मावा टपरीवर हातानेच चोळून मिळतो. तेव्हा कायद्याइतकीच आपली राखणही आपण केली पाहिजे.

लाळेच्या तपासण्या पुढेमागे आपल्या गावच्या दवाखान्यापर्यंत येतील. तोपर्यंत एक परीक्षा प्रत्येकाच्या हातात आहे, अगदी शब्दशः. हा लेख वाचून झाल्यावर आरशासमोर उभे राहा. आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक धरून उभी तोंडात घाला. सहज मावली तर ठीक. मावत नसतील, तिखटाने तोंडाची आग होत असेल, गालात पांढरट पट्टे दिसत असतील किंवा पंधरा दिवसांत न भरणारी जखम असेल, तर "तोंड आलंय" म्हणून गुलकंद खात बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारची १८०० ११ २३५६ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे. आणि ज्यांच्या घरी एखादा धाकटा भाऊ एकाएकी रस्सा बाजूला सारू लागला असेल, त्यांनी त्याला तांदूळ चावायला देऊ नये. जवळ बसून विचारावे.

माझ्या भावाने मावा सोडून आज चार महिने झाले. मधे एकदा तोल गेला, तेही त्याने आपणहून सांगितले. गेल्या खेपेला डॉक्टरांची पट्टी चौतीसवर थांबली. परतताना एका हॉटेलात आम्ही मिसळ मागवली. त्याने कट घेतला नाही. पण पावाचा तुकडा तिखट रश्श्यात हलकेच बुडवला, तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी आले तरी तो चावत राहिला.